कोणत्या दिवसापासून मोजायचं?

सकाळी ६.३०

माझ्याकडे दोन डायऱ्या असतात. एक तारखांची. नेवासा न्यायालयाच्या बोर्डावर आज कोणती कामं आहेत, कुणाचा उलटतपास, कुणाचा युक्तिवाद, कुणाची नुसती हजेरी, हे तीत लिहिलेलं. दुसरी मुदतींची. हिच्यातली प्रकरणं अजून दाखल झालेली नसतात, पण ती दाखल करण्याचा हक्क कोणत्या दिवशी संपतो ते नोंदलेलं असतं. तारखेला गैरहजर राहिलं तर अर्ज देता येतो, खर्च भरता येतो. मुदत गेली तर बहुतेक वेळा हातात काही उरत नाही. १९६३च्या मुदत कायद्याचं कलम ३ फार कडक आहे. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, असं ते सांगतं. म्हणून सकाळी पहिल्यांदा ही दुसरी डायरी चाळायची.

आता जानेवारी चालू आहे. मार्चच्या पानावर लाल शाईने लिहिलंय: ‘खुबा. १२ मार्च २०२६ शेवटचा दिवस.’

आमच्या तालुक्यात वकिलाचं काम मुख्यतः जमिनीचं. वाटणी, बांध, वहिवाटीचा रस्ता, पाटाचं पाणी. त्यामुळे इथल्या माणसाला मुदतीचं भान नाही असं मुळीच नाही. बारा वर्षांचा कब्जा ही गोष्ट पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ. चेक वटला नाही तर तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, हे घोडेगावच्या कांदा बाजारात नव्या पोरालाही माहीत असतं. पण अंगात बसवलेला सांधा, स्टेंट किंवा पेसमेकर सदोष निघाला तर दाद किती दिवसांत मागायची, हे कुणालाच सांगता येत नाही. ज्यांनी तो बसवला, तेही कधी सांगत नाहीत.

सकाळी ८

संध्याकाळी खुब्याच्या प्रकरणाची तक्रार लिहायची आहे, तिच्यासाठी एक निकाल पुन्हा वाचायला घेतला. सर्वोच्च न्यायालय, ऑक्टोबर २०१०, डॉ. व्ही. एन. श्रीखंडे यांचं अपील. वैद्यकीय प्रकरणात मुदतीचा वाद निघाला की दोन्ही बाजूंचे वकील हाच निकाल पुढे करतात. माणसं आपल्याकडचीच आहेत. एकीकडे मुंबईतले नामवंत शल्यचिकित्सक, दुसरीकडे गोवा सरकारच्या सेवेतली एक परिचारिका.

तिच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया नोव्हेंबर १९९३मध्ये झाली. त्यानंतर पोटात दुखत राहिलं, ती गोळ्या घेत राहिली. २००२मध्ये लीलावती रुग्णालयात पुन्हा शस्त्रक्रिया झाली तेव्हा आत राहिलेलं गॉझ निघालं, अशी तिची तक्रार. २००४मध्ये ती राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेली. आजच्याप्रमाणेच आधीच्या ग्राहक कायद्यातही मुदत दोनच वर्षांची होती. मग ही दोन वर्षं १९९३पासून मोजायची की २००२पासून?

न्यायालयाने सूत्र घालून दिलं. हानी उघड दिसणारी असेल तर ती घडली त्या दिवसापासून मोजा. हानी लपलेली असेल, तर रुग्णाला ती कळली त्या दिवसापासून मोजा, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर ज्या दिवशी कळू शकली असती त्या दिवसापासून. सांधे, जाळ्या, पट्ट्या, स्क्रू यांच्या प्रकरणात रुग्णाला उभं राहायला जी जमीन मिळते ती या सूत्रातून मिळते. धातू आत झिजत असतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

पण त्या परिचारिकेला या सूत्राचा फायदा मिळाला नाही. तू अनुभवी परिचारिका, रुग्णालयात काम करणारी. नऊ वर्षं दुखत असताना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेली का नाहीस, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता. तक्रार मुदतबाह्य ठरली. निष्काळजीपणा झाला होता की नव्हता, या प्रश्नापर्यंत प्रकरण पोचलंच नाही.

निकालाचा पहिला भाग माझ्या अशिलाच्या बाजूचा आहे. दुसऱ्या भागाची मला धास्ती वाटते. आपल्याकडे दुखणं मुकाट सोसणाऱ्या बाईला सगळे सोशिक म्हणून नावाजतात. मुदतीच्या हिशोबात तोच सोशिकपणा तिच्या विरुद्ध पुरावा होतो.

सकाळी १०.४५

न्यायालयाचं आवार भरलेलं. एका वाटणीच्या दाव्यात साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. एका मनाईच्या अर्जावर म्हणणं दाखल केलं. चेकच्या एका प्रकरणात पुरसिस दिली. साडेबाराला मोकळी झाले.

दुपारी १२.४५

भेंड्याकडच्या मावशी मुलाबरोबर आल्या. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, त्यामुळे उशीर झाला. तरीही मुलाने रिक्षा ज्ञानेश्वर मंदिराकडून आणली. नेवाशात आलं की मंदिरातल्या पैसाच्या खांबाला हात जोडल्याशिवाय मावशींना चैन पडत नाही. आता त्यांना आतपर्यंत जाता येत नाही. रिक्षात बसूनच हात जोडले, म्हणाल्या.

खुर्चीवर बसायला त्यांना दोन माणसांचा आधार लागतो. २०१७मध्ये उजवा खुबा बदलला. अडीच लाखांच्या आत खर्च झाला, त्यासाठी दोन म्हशी विकल्या. चार वर्षं चांगली गेली, शेतात खुरपायला जात होत्या. २०२१च्या पावसाळ्यात दुखायला लागलं.

“कुणाला दाखवलंत तेव्हा?”

“गावातल्या डॉक्टरला दाखवलं ना, ताई. सुई टोचली, गोळ्या दिल्या. म्हणले, वय झालं आता, गारठ्याचं दुखतं. मग मी म्हणलं, असंल.”

“आणि ज्यांनी सांधा बसवला त्यांच्याकडे?”

मुलगा म्हणाला, “एकदा गेलो होतो, मॅडम. दोन वर्षांनी. त्यांनी फोटो काढला, म्हणाले व्यायाम करा.”

मार्च २०२४मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाने एक्स-रे आणि स्कॅन पाहून पहिल्यांदा स्पष्ट लिहून दिलं. वाटीचं अस्तर झिजलंय, त्या कणांमुळे भोवतीचं हाड खाल्लं गेलंय, सांधा सैल झालाय, पुन्हा बदलावा लागेल. चिठ्ठीवर तारीख १२ मार्च. असा सांधा पंधरा-वीस वर्षं टिकावा अशी साधारण अपेक्षा असते. हा सातव्या वर्षाला गेला.

माझा हिशोब या चिठ्ठीपासून सुरू होतो. पहिला दिवस सोडून दोन वर्षं, म्हणजे १२ मार्च २०२६. कंपनीचा वकील वेगळा हिशोब मांडणार, तो मला आजच दिसतो. दुखणं २०२१ला सुरू झालं, तेव्हाच कळायला हवं होतं, असं तो म्हणेल. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. तो वगळला तरी मोजणी १ मार्च २०२२ला सुरू होऊन २०२४च्या फेब्रुवारीअखेर संपते. त्याच्या हिशोबाने, डॉक्टरांनी खरं कारण लिहून देण्याच्या आधीच मावशींचा हक्क संपून गेला होता.

म्हणून मी मुलाला घरातले सगळे कागद मागितले होते, कितीही चुरगळलेले असोत. आज त्याने बाजाराची पिशवी भरून आणली. गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, कुकाण्याच्या मेडिकलची बिलं, एक जुना एक्स-रे, व्यायाम लिहून दिलेला कागद. मावशी ओशाळल्या, “हे सगळं कशाला दाखवायचं, ताई?” मी त्यांना सांगितलं की हेच दाखवायचं. या बाईने दुखणं अंगावर काढलं नाही, जाता येईल तिथे ती गेली, आणि तज्ज्ञांनाही जे कळलं नाही ते तिला कळायला हवं होतं असं म्हणता येणार नाही. वाजवी काळजी घेतली म्हणजे काय केलं, याचं उत्तर त्या पिशवीत होतं. तारखेप्रमाणे लावायला तासभर लागला. एकेका चिठ्ठीला पुढे निशाणी क्रमांक पडेल.

ज्या कागदाची मला सगळ्यात जास्त गरज होती तो त्यात नव्हता. सांध्याच्या खोक्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, लॉट नंबर असलेले स्टिकर असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी ते केसपेपरवर चिकटवतात. मावशींच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘खुबारोपण, उजवा’ एवढंच आहे. अंगात कुणाची वस्तू आहे, हे त्यांना आजही माहीत नाही.

दुपारी ३

डबा खाऊन झाला. मुलगा बारावी शिकलेला, मोबाईलवर वाचत असतो. त्याने विचारलं, “मॅडम, ते जॉन्सनचं प्रकरण होतं ना, तसलाच असंल का हा?” तो नसणार. तो सांधा २०१०मध्येच बाजारातून गेला. पण भारतातला या विषयावरचा सगळ्यात मोठा धडा तोच आहे, म्हणून त्याला सविस्तर सांगितलं.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा होता. धातूच्या वाटीत धातूचा गोळा. घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरायचे, भोवतालच्या पेशी मरायच्या. ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद होते. त्या नोंदवहीत हा सांधा वारंवार बदलावा लागतोय असं दिसलं आणि २००९च्या डिसेंबरात तो तिथून मागे घेतला गेला. २४ ऑगस्ट २०१०ला कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. ब्रिटनच्या नोंदीप्रमाणे पाच वर्षांत शंभरातल्या बारा-तेरा रुग्णांना तो पुन्हा बदलावा लागत होता.

भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये हा सांधा बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असताना, हा प्रश्न धसाला लावला. तरी केंद्राने डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७मध्ये. त्या समितीपर्यंत प्रकरण आलं तोवर बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. सांधा परत बोलावून सात वर्षं झाली होती. २०१८च्या नोव्हेंबरात सरकारने भरपाईचं सूत्र मंजूर केलं, अपंगत्व आणि वय पाहून ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. अमेरिकेत याच सांध्यासाठी सुमारे आठ हजार रुग्णांशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड २०१३मध्येच झाली होती.

मुलगा म्हणाला, “म्हणजे त्यांना बातमी वाचूनच कळलं?” काहींना बातमी वाचून कळलं, काहींना अजूनही नाही. ज्या रुग्णाला कंपनीने, रुग्णालयाने, सरकारने कुणीच कळवलं नाही, त्याची दोन वर्षं ऑगस्ट २०१०पासून मोजणं हा माझ्या मते अन्याय आहे. परत बोलावण्याची घोषणा रुग्णाच्या हातात लेखी पडली, तिथूनच मोजणी सुरू व्हायला हवी. कायद्यात तसं थेट वाक्य असायला हवं. आज ते नाही, प्रत्येक रुग्णाला आपापल्या प्रकरणात ते नव्याने पटवून द्यावं लागतं.

आपल्या कायद्याची एक चांगली बाजूही मी सांगते. ब्रिटनमध्ये सदोष वस्तूबद्दल दहा वर्षांची वरची मर्यादा आहे. वस्तू बाजारात आल्यापासून दहा वर्षं उलटली की दोष कळला असो वा नसो, हक्क संपला. आपल्या ग्राहक कायद्यात अशी वरची मर्यादा नाही. बाराव्या वर्षी दोष कळला तरी दार बंद झालेलं नसतं.

दुपारी ४.१५

रुग्णालयाला पत्र लिहिलं. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. ते पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून. पण त्याच नियमांप्रमाणे कागद जपून ठेवण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षांचं आहे. सांधा वीस वर्षं टिकावा अशी अपेक्षा धरायची आणि त्याचा कागद तीन वर्षांनी फेकायला मोकळीक द्यायची. मुदतीच्या कायद्यापेक्षाही हा नियम रुग्णाचं जास्त नुकसान करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. सांधा सातव्या वर्षी ढिला झाला तेव्हा मावशींच्या हातात दावा करण्याचा हक्क आहे, पण दावा कुणावर करायचा त्याचा पुरावा नाही. शरीरात कायमची ठेवायची वस्तू असेल तर तिचा कागद रुग्णाच्या हयातीभर ठेवला पाहिजे, आणि ऑस्ट्रेलियासारखी राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडेही सक्तीची असली पाहिजे.

दुसरं पत्र, नवी शस्त्रक्रिया करणार आहेत त्या डॉक्टरांना. मावशींचा सांधा पुढच्या महिन्यात काढायचा आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे शरीरातून काढलेला धातूचा भाग निळ्या खोक्यात जातो, आणि तिथून गेला की गेला. आयोगाला दोष तपासायला वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आहे, पण वस्तूच नसेल तर पाठवणार काय? म्हणून आधीच लेखी विनंती. काढलेले सगळे भाग निर्जंतुक करून, फोटो काढून, सीलबंद डब्यात, त्यावरचे आकडे नोंदवून रुग्णाच्या ताब्यात द्यावेत. आकडे बहुतेक वेळा धातूवरच कोरलेले असतात. कंपनीचं नाव आम्हाला कदाचित तिथेच मिळेल.

संध्याकाळी ५.३०

आता तक्रार. दिवाणी दावा करायचा की ग्राहक आयोगात जायचं, हा प्रश्न मुलाने आधीच विचारला होता. दिवाणी न्यायालयात अशा भरपाईला साधारण तीन वर्षं मिळतात, ग्राहक आयोगात दोन. ऐकायला तीन बरी वाटतात. पण दिवाणी दाव्याला एक दिवस उशीर झाला तरी तो माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. मुदत कायद्याचं कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागतं, दाव्यांना नाही. फसवणूक करून दोष लपवला हे सिद्ध केलं तर कलम १७ मदतीला येतं, पण ते सिद्ध करणं सोपं नसतं. ग्राहक कायद्याच्या कलम ६९मध्ये मात्र पुरेसं कारण दाखवलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, त्याची कारणं नोंदवून. भेंड्याच्या बाईसाठी हा दुसरा रस्ताच बरा. शिवाय दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि २०१९च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी कुठलीही असो, तिला अहिल्यानगरला यावं लागेल.

सामनेवाले तीन केले: रुग्णालय, सांधा पुरवणारा विक्रेता, आणि उत्पादक, ज्याचं नाव कळताच दुरुस्ती करून घालू. दोष वस्तूचा की बसवण्याचा, हे मला आज ठामपणे म्हणता येत नाही, तसं मी लिहिलंही नाही. उत्पादकाची जबाबदारी सांगणारं नव्या ग्राहक कायद्यातलं प्रकरण २० जुलै २०२०पासून लागू झालं. सांधा २०१७चा, हानी नंतर कळलेली. म्हणून जुन्या आणि नव्या दोन्ही कायद्यांचा आधार घेतला.

‘तक्रारीस कारण घडले’ हा परिच्छेद मी तीनदा खोडून लिहिला. अशा तक्रारीचं सगळं वजन याच परिच्छेदावर पडतं. शेवटी साध्या क्रमाने लिहिलं: वेदना कधी सुरू झाली, कुणाकुणाला दाखवलं, प्रत्येकाने काय सांगितलं, आणि १२ मार्च २०२४ रोजी खरं कारण पहिल्यांदा लेखी कळलं. तक्रार मुदतीत आहे असं ठामपणे म्हटलं, आणि तरीही आयोगाला वेगळं वाटलंच तर म्हणून विलंबमाफीचा अर्ज शपथपत्रासह जोडला.

समोरच्यालाही मुदत आहे, हे अशिलांना सांगितलं की त्यांना धीर येतो. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत म्हणणं द्यायचं, फार तर आणखी पंधरा. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर आयोगालाही ते घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२०मध्ये ठरवून टाकलं आहे.

रात्री ८.१५

मावशींचा अंगठा, मुलाची सही, शपथपत्र सगळं झालेलं. कागद स्कॅन करून ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर चढवले. मार्चची वाट पाहिली नाही. सर्व्हर बंद पडला, स्कॅन अस्पष्ट निघाला, त्रुटी निघाली, तर हाताशी दिवस हवेत.

हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. घरात कुणाच्या अंगात सांधा, स्टेंट, पेसमेकर, जाळी, डोळ्यातलं भिंग असं काही बसवलेलं असेल, तर त्याचा स्टिकर किंवा ओळखपत्र आज रुग्णालयाकडून मागून घ्या आणि फोटो दोन मोबाईलमध्ये ठेवा. तीन वर्षं उलटली असतील तरी मागा, पुष्कळ ठिकाणी कागद असतात. दुखायला लागलं तर बसवणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि काय म्हणाले ते तारखेसह लिहून घ्या. सांधा काढायची वेळ आली तर काढलेला भाग आधीच लेखी मागा. वस्तूमुळे त्रास झाल्याची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी निःशुल्क क्रमांकावर करता येते. ती नोंद म्हणजे तक्रार नव्हे, तिने मुदत थांबत नाही. कारण कळल्याच्या दिवसापासून तुमच्याकडे दोन वर्षं आहेत. त्यातल्या पहिल्याच महिन्यात वकिलाकडे जा.